डावा कौल आणि दहाव्याचा कावळा

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच वळणाची निघाली. माणसांचा एकमेकांवर जीव जडलाय आणि मधे कोणीतरी न दिसणारं येऊन उभं राहिलंय. कुठे देव, कुठे मुंजा, कुठे गेलेली बायको. एरवी मी सासर, नोकरी, आजारपण अशी सगळी पत्रं मिसळून घेते, या वेळी ही चारच घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी वेंगुर्ले तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर नर्स होते. लोक तेव्हा 'बाई' म्हणायचे, पत्रांतही तेच म्हणतात. पत्र लिहिणाऱ्यांची नावं-गावं आम्ही छापत नाही.

प्रश्न : बाई, मी २६ वर्षांची आहे, कुडाळला एका पतसंस्थेत काम करते. आमच्या जत्रेत दशावतारात काम करणाऱ्या एका मुलाशी माझी ओळख झाली, त्याला आता तीन वर्षं झाली. तो स्त्रीपार्ट करतो. दिवसा त्याचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. घरी सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही. काकांनी रवळनाथाला कौल लावला, तो डावा आला. आजी म्हणते, घराच्या देवचारालाही हे पसंत नाही, तिला रात्री अंगणात काठी आपटल्याचा आवाज येतो. 'त्यांचं आपलं तसंही जमत नाही' असं काका आधी एकदा म्हणाले होते, पण आता सगळे कौलाचंच बोलतात. कौल मोडून लग्न केलं तर काही वाईट होईल का?

उत्तर : बायो, काकांचं ते वाक्य तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी मात्र तिथेच थांबले. कौल लागायच्या आधीच काकांचं उत्तर ठरलेलं होतं.

तरी आधी कौलाचं बोलू. तुझी भीती तिथे आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. मी त्याच मुलखातली आहे. गुरव मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, भोवतालचे 'होय म्हाराजा' म्हणतात आणि मग सगळे नुसते बघत राहतात. उजवीकडची कळी पडली की उजवा, डावीकडची पडली की डावा. त्या वेळी देवळात बाया-बापये कसे उभे असतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. एकाची जमीन अडकलेली असते, एकीचं मूल आजारी असतं. माझी आईसुद्धा अशीच हात जोडून उभी राहिलेली मला आठवते. त्या उभं राहण्याला मी कधी हसणार नाही आणि कोणाला हसूही देणार नाही.

पण कौल म्हणजे देवाला विचारलेला प्रश्न असतो, आणि प्रश्न माणूस विचारतो. तुझ्या काकांनी नेमकं काय विचारलं? 'ही सोयरीक तुझ्या मनात नसेल तर डावी दे' असं विचारलं, की 'हिचं भलं कशात आहे' असं विचारलं? तू तिथे होतीस का? पत्रावरून वाटतं की नव्हतीस. त्या मुलाच्या घरचं कोणी होतं का? आणि डावी आल्यावर पुढे काय विचारलं? आमच्याकडे एक डावी कळी पडली म्हणून माणसं उठून घरी जात नाहीत. काय चुकलं ते विचारतात, 'काय असेल ती तोड काढ' म्हणून पुन्हा गाऱ्हाणं घालतात, देवाच्या मागे लागतात. जमिनीच्या भानगडीत तीन-तीन वेळा जाऊन विचारणारी घरं मला ठाऊक आहेत. तुझ्या बाबतीत एका कळीवर सगळे समाधानाने घरी आले, ते त्यांना हवं होतं ते मिळालं म्हणून. एखाद्या सोमवारी आईला बरोबर घे आणि स्वतः देवळात जा. गुरवाला म्हण, मला माझ्या तोंडाने गाऱ्हाणं घालायचंय. ते तयार झाले नाहीत तरी तू आलीस, उभी राहिलीस, एवढं गावाला दिसेल. काकांच्या आणि देवाच्या मधे तुलाही जागा आहे हे दिसू दे.

आजीला काठीचा आवाज येतो म्हणते, तर येत असेल. मंगलोरी कौलांवरून उदमांजर गेलं किंवा माडाची झावळ पडली तरी म्हातारं माणूस दचकून उठतं. पण ते सोड. आपल्याकडे ऐकलेल्या गोष्टींत देवचार करतो काय? हातात काठी, खांद्यावर घोंगडी, आणि रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. आरवलीच्या वेतोबालाही लोक केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, का, तर तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात. राखण करणारा तो. घरातल्या पोरीच्या वाईटावर तो का असेल? आजीजवळ बस आणि तिलाच हे विचार. भांडायला म्हणून विचारू नको. तिच्या तरुणपणी देवचाराने कोणाला घरी पोचवलं ते विचार. ती सांगायला लागेल आणि बोलणं काकांच्या हातून सुटेल.

आता तुझा मुख्य प्रश्न, काही वाईट होईल का. हो, होईल. प्रत्येक घरात होतं तेवढं होईल. कोणाचा तरी ताप उतरणार नाही, दुकानात एक महिना गिऱ्हाईक येणार नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर शंभरातल्या दहा ते वीस बायकांचं मूल टिकत नाही. हे कौल न लावता, पत्रिका जुळवून, वाजतगाजत लग्न झालेल्यांच्या बाबतीतही घडतं. सगळं नीट असलेल्या जोडप्यांतही शंभरातल्या पंधरा-वीस जणांना मूल राहायला वर्षापेक्षा जास्त लागतं. उपकेंद्रावर माझ्यासमोर अशा मुली रडत बसलेल्या असायच्या आणि बाहेर बाकड्यावर सासू सांगत असायची की हे अमक्याचं फळ. तुमच्या घरात असं काही झालं की बोट त्या डाव्या कळीकडे जाणार. मला भीती त्या बोटाची वाटते, आणि तिची तयारी तुम्हा दोघांनाच करावी लागेल. तो मुलगा त्या वेळी तुझ्या बाजूने उभा राहील का, हे आताच, लग्नाआधी, त्याला सरळ विचार. राहीन म्हणाला तर पुढचं बोलू.

त्याच्याबद्दल तू दोनच वाक्यं लिहिलीस, पण त्या दोन वाक्यांवरून मला तो आवडला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. समोरचा राक्षस काय बोलेल ते माहीत नसतं, त्यावर राणीला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, पायपेटी आणि मृदंगाच्या साथीला धरून, पहाटेपर्यंत. इतकं करणारा माणूस काकांसमोर चहा घेत चार वाक्यं बोलू शकेल. त्याला घरी येऊ दे. लपतछपत भेटण्यापेक्षा दिवसाढवळ्या दार वाजवलेलं बरं.

संसाराचे प्रश्नही विचारून घे. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की पावसापर्यंत तो रात्री बाहेर असणार. तू सकाळी कुडाळला जाणार. मग तुम्ही घरात एकत्र असाल कधी? दुकानाचं कर्ज आहे का? स्त्रीपार्ट करतो म्हणून तुझ्या मैत्रिणी काही बोलल्या असतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नको.

आणि घरचे ऐकलेच नाहीत तर कायदा तुमच्या बाजूने आहे. मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण, एवढं वय असलं की जातीची अट कुठल्याच कायद्यात नाही. विशेष विवाह कायद्याने, म्हणजे १९५४ च्या कायद्याने, करायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. तालुक्याच्या गावात ती काकांपर्यंत दुसऱ्या दिवशी पोचेल हे धरूनच चाल. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आईला त्या तिघांत ये म्हण. ती गप्प राहिली असं तू लिहिलंस. नाही म्हणाली असं लिहिलं नाहीस.

प्रश्न : आमचं घर सातारा जिल्ह्यात आहे. परसात जुना पिंपळ आहे. मला एक मुलगी पसंत आहे, तिलाही मी पसंत आहे. तिच्या घरचे बघायला आले तेव्हा शेजाऱ्यांनी सांगितलं की पिंपळावर मुंजा आहे आणि तो नव्या नवरीला त्रास देतो. आता ते नाही म्हणतात. वडील पिंपळ तोडायला निघालेत. काय करू?

उत्तर : पिंपळ तोडू नका. तोडलात तर 'मुंजा होता म्हणूनच तोडला' ही गोष्ट कायमची पक्की होईल, आणि परसातली सावली जाईल ती वेगळीच.

मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला की तो पिंपळावर राहतो, ही समजूत सगळ्या महाराष्ट्रात आहे. मला त्यात मुलगा गमावलेल्या आयांचं दुःख दिसतं. पूर्वी घराघरांत मुलं अशी जायची, आणि गेलेला मुलगा फार लांब गेला नाही, परसातच आहे, असं म्हणण्यात त्यांना आधार असेल. आवाजाचं कारण मात्र साधं आहे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, पान टोकाला निमुळतं असतं, त्यामुळे बाकीची झाडं गप्प असतानाही पिंपळ सळसळतो. रात्री ती सळसळ कोणी बोलल्यासारखी वाटते.

मुलीला आणि तिच्या आईला एकदा संध्याकाळी जेवायला बोलवा. पंगत परसातच मांडा, पिंपळाखाली, दिवा लावून. तुमची आई, बहीण, वहिनी त्या झाडाखाली कशा वावरतात ते त्यांना बघू दे. नव्या नवरीला त्रास देतो म्हणतात ना, मग तुमच्या घरात आजवर आलेल्या सुना काय सांगतात ते त्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं. सुनांना खरोखर त्रास असेल तर तो कोणापासून आहे तेही कळेल. आणि शेजाऱ्यांचा तुमच्याशी बांधावरून वगैरे काही वाद आहे का, तेही एकदा आठवून बघा.

प्रश्न : बाई, माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं. नवरा मुंबईला कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो, मी इथे देवगड तालुक्यात सासूबाईंबरोबर राहते. दिवाळीपासून रात्री मला जाग येते, डोळे उघडे असतात, पण हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसलेलं असतं. घरामागे सातवीण आहे, तिला फुलं आली की वास घरभर येतो. सासूबाई म्हणतात तिच्यावर जखीण आहे, ती नवऱ्याच्या सुखावर जळते. त्यांनी घाटावरून एक माणूस बोलावलाय. तो म्हणतो उतारा करताना माझ्याजवळ एकटं बसावं लागेल. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आई म्हणते तसं कर. मला फार भीती वाटते.

उत्तर : त्या माणसाला घरात घेऊ नकोस. पुढचं वाचण्याआधी हे करून टाक. दार बंद करून एकट्या बाईजवळ बसणारा कोणीही असो, त्याचा हेतू काहीही असो, तू 'नाही' म्हणायचंस. सासूबाई अडून बसल्या तर सांग की मी पोलिसांत जाईन, आणि खरोखर जा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घालवलं. अंगात शक्ती आहे असं सांगून बाईचा गैरफायदा घेणं, अघोरी उपाय करणं यासाठी त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात, पोलीस ठाण्यात त्यांच्याबद्दल विचार.

आता छातीवर कोण बसतं ते सांगते. आपण गाढ स्वप्नात असतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडतो, नाहीतर स्वप्नात धावताना माणूस खरंच उठून धावेल. कधीकधी डोळे आधी उघडतात आणि स्नायू मागाहून मोकळे होतात. मधल्या काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत, माणूस जागा असतो, हलता येत नाही, आणि स्वप्नाचा तुकडा डोळ्यांसमोर शिल्लक असतो. छातीवर दाब, खोलीत कोणी आहे असं वाटणं, हे जगभरातल्या माणसांना होतं. हे तू घडवून आणत नाहीस आणि यात वेड नाही. स्वतःहून जातं. उताणं झोपल्यावर जास्त होतं, तर कुशीवर झोप. झोप तुटली, अपुरी झाली की जास्त होतं. वारंवार होत असेल किंवा दिवसा काम करता करता अचानक झोप येत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखव.

तुझी झोप का तुटते? दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा खोलीवर पोचतो, मग जेवतो, मग तुला फोन करतो, हो ना? तुम्ही एक-दीडपर्यंत बोलत असणार आणि पहाटे नळाचं पाणी भरायला तू उठत असणार. नवीन लग्न, रात्रीच काय ते बोलणं, फोन ठेववत नाही, हे मी समजू शकते. पण दिवाळीपासून रोज असं असेल तर शरीर कधीतरी तक्रार करणारच. काही दिवस बोलायची वेळ बदला. तो पाळीवर जायच्या आधी दुपारी बोला.

सातविणीची फुलं दिवाळीच्या सुमारास येतात आणि रात्री तो वास इतका दाट होतो की काहींचं डोकं चढतं. म्हणून त्या झाडाला आपल्याकडे लोक भितात, खाली बसत नाहीत. त्याच झाडाच्या लाकडाच्या एके काळी शाळेतल्या पाट्या व्हायच्या, शास्त्रीय नावातला 'स्कॉलॅरिस' त्यावरूनच आलाय. फुलं गळेपर्यंत त्या बाजूची खिडकी लावून झोप. डोकं उतरेल.

आता सासूबाई. त्या दुष्टपणाने करत नाहीत, घाबरलेल्या आहेत, असं मला वाटतं. त्यांचा नवराही मुंबईलाच होता का? त्या पिढीतले कितीतरी पुरुष गिरणीत होते, गणपती आणि शिमग्याला यायचे, आणि १९८२ चा संप झाल्यावर एकदम रिकाम्या हाताने कायमचे परत आले. बायकांनी तारुण्याची सगळी वर्षं अशाच घरांत, अशाच झाडांच्या वासात काढली. एखाद्या दुपारी भाजी निवडताना त्यांना विचार, 'आई, तुम्ही नव्या होता तेव्हा तुमच्याही छातीवर कोणी बसायचं का?' उपकेंद्राच्या ओटीवर मी हा प्रश्न अशा बऱ्याच जणींना विचारलाय. आधी नाही म्हणतात. मग थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग सांगायला लागतात, आणि जे सांगतात त्यात जखीण फार थोडी असते. त्यांना देवासमोर दिवा लावून तुझ्या कपाळाला अंगारा लावायचा असेल तर लावू दे, त्यांच्या हाताने. त्यात तुझं काही जात नाही आणि त्यांना आपण काहीतरी केलं असं वाटेल.

आणि हे शेवटचं तुझ्या नवऱ्यासाठी, त्याला वाचून दाखव. बाबा रे, तुझी बायको रात्री घाबरून उठते आणि तू तिला परक्या माणसासमोर एकटी बसायला सांगतोस? कोकण रेल्वे सुरू होऊन पंचवीसवर वर्षं झाली, रात्री बसलास तर सकाळी घरी पोचशील. गणपतीची वाट बघू नकोस. रजा टाक, ये, चार रात्री तिच्या शेजारी झोप, ती उठली की तिचा हात धरून नावाने हाक मार. हाक आणि स्पर्श झाला की बऱ्याचदा अंग मोकळं होतं. मग दोघं बसून ठरवा, ती मुंबईला येणार की तू इथे काही बघणार. दीड वर्षांत हे बोलणं झालेलं पत्रात कुठे दिसत नाही.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. पत्नी गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळ्यांनी काय काय वचनं दिली, तरी नाही. शेवटी मेहुणे म्हणाले, 'सांगा तिला, दुसरी करणार नाही.' मी म्हटलं. लगेच कावळा शिवला. ते वचन मी २१ वर्षं पाळलं. आता तालुक्याच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एक विधवा बाई आहेत, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. रोज संध्याकाळी पुस्तक बदलायला जातो. मला आवडेल असं पुस्तक आलं की त्या बाजूला काढून ठेवतात. मनात विचार आला त्या दिवसापासून रोज सकाळी एक कावळा स्वयंपाकघराच्या खिडकीवर येऊन ओरडतो. पत्नीची नाराजी आहे का?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला त्या मेहुण्यांचा राग आला नाही. नऊ वर्षांची भाची, बहीण गेलेली, उद्या सावत्र आई आली तर पोरीचं काय, ही काळजी त्यांच्या पोटात होती. चारचौघांत तुम्हाला ती सांगायची हिंमत झाली नसेल. दहाव्याच्या घाटावर असंच होतं. गेलेल्या माणसाची इच्छा ओळखायची म्हणून जो तो आपल्या मनातलं बोलतो, मुलीचं लग्न करू, घर विकणार नाही, धाकट्याला सांभाळू. आणि कावळा? माणसांचा घोळका जवळ असेल तर तो खाली उतरत नाही. लोक दमून मागे सरतात, थोडे गप्प होतात, मग येतो. त्या क्षणी जे वचन दिलं गेलेलं असतं त्याच्या नावावर ते लागतं.

जुन्या लोकांनाही हे कळत होतं. म्हणून तर कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि माणसं घरी जातात. गेलेल्याला अडकवून ठेवायचं नाही आणि राहिलेल्यालाही नाही, अशी सोय त्या विधीतच ठेवलेली आहे.

तुमचं वचन मला हलकं करायचं नाही. तुम्ही ते पाळलंत. सकाळच्या पहिल्या गाडीवर ड्युटी असताना आईविना मुलीची वेणी कोण घालत होतं, तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा घरात कोण होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहिण्यासारखं नक्की असणार. ते वचन त्या मुलीसाठी होतं. ती आज तीस वर्षांची आहे. ज्या कामासाठी ते दिलं ते पुरं झालं.

खिडकीवरच्या कावळ्याचं विचाराल तर सकाळी तुम्ही त्याला भाकरीचा तुकडा टाकता का? एकटी राहणारी माणसं बहुधा टाकतात. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि एकदा खायला मिळालं की त्याच वेळी पुन्हा येतो. त्याला घालत जा. पत्नीची आठवण म्हणून घाला. नवीन माणूस घरात आलं म्हणून ते बंद करायचं कारण नाही.

लोक बोलतील. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा दापोलीजवळच्या त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. आज तेच गाव त्यांचं नाव अभिमानाने सांगतं. तुम्हाला कोणी वाळीत टाकणार नाही, फार तर एसटी स्टँडवर चार दिवस कुजबुज होईल. ती तुम्ही नोकरीत रोज ऐकलीय.

पैशाचं आधी बघून घ्या, म्हणजे मागाहून कोणाचं मन मोडणार नाही. त्यांना पहिल्या पतीचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर पुनर्विवाहानंतर ते थांबू शकतं. जिथून मिळतं तिथे लेखी विचारा. घर तुमच्या नावावर असेल तर मृत्युपत्र करा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुलीला काय, त्यांना काय, ते स्पष्ट लिहा. या वयातल्या लग्नांना मुलांचा विरोध बहुतेक वेळा घरावरून होतो, प्रेमावरून कमी.

पण भाऊ, तुमच्या पत्रात पत्नी आहे, मेहुणे आहेत, मुलगी आहे, कावळा आहे, आता मीही आले. त्या बाईंना तुम्ही काही विचारल्याचं मात्र पत्रात कुठेच नाही. पुस्तक बाजूला काढून ठेवतात ते तुमच्यासाठी, की नियमित येणाऱ्या प्रत्येकासाठी, हेही तुम्हाला ठाऊक नाही. आधी त्यांना विचारा. ग्रंथालयात, नोंदवहीसमोर, लोकांच्या देखत नको. बाहेर कुठेतरी, चहाला बोलावून, आणि नाही म्हणायला त्यांना मोकळीक ठेवून. नाही म्हणाल्या तरी संध्याकाळी पुस्तक बदलायला जाणं थांबवू नका. हो म्हणाल्या तर दोघं मिळून मुलीकडे जा, फोनवर सांगू नका. मेहुणे हयात असतील तर त्यांनाही तुम्हीच जाऊन सांगा, दुसऱ्याकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी.